हुरमतभाभींचा काटा

वजाचं चिन्ह मला लहानपणापासून आवडत नाही. गणितात ते आलं की आपलं उत्तर चुकलं असं मला वाटायचं, आणि बहुतेक वेळा चुकलेलंच असायचं. त्यामुळे माधवनगरला हुरमतभाभींच्या बॅटरीच्या दुकानात, आखातातून आलेल्या नव्या आकडेवाल्या मीटरवर दुधाच्या लॉरीचा आकडा जेव्हा मला वजा दिसला, तेव्हा मी तो सरळ केला. म्हणजे मीटरच्या दोन वायरींचे चिमटे काढले, इकडचा तिकडे लावला, तिकडचा इकडे. वजा गेला. आकडा तोच राहिला, फक्त स्वच्छ झाला. मी ड्रायव्हरला म्हटलं, "जा तुम्ही. बॅटरी भरतेय."

लॉरीचं इंजिन बंद होतं. बंद इंजिनाच्या गाडीत बॅटरी कशानं भरेल, हा प्रश्न मला पडला नाही. मी मॅट्रिक होते.

त्या एका 'जा'पायी एका बाईवर ट्रंक बांधायची वेळ आली. ती बाई म्हणजे हुरमतभाभी. त्यांच्याविषयी सांगायचं तर माझा हा पराक्रम आधी सांगावा लागतो, कारण नातवंडांना तेवढाच ऐकायचा असतो. भाभी त्यांना नंतर भेटतात.

भाभींचं दुकान रस्त्याला लागून होतं आणि दुकानाच्या पाठीमागे आमची भाड्याची खोली. मी साताऱ्याची, लग्न होऊन नुकती आलेली. नवरा मिलच्या ऑफिसात, सासूबाई घरात, आणि मी मॅट्रिक पास. हे शेवटचं मी कुणी न विचारता सांगायची. भाजीवालीला सांगितलं होतं, पिठाच्या गिरणीत सांगितलं होतं. भाभींना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या बॅटरीच्या भोकांत पाणी ओतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं. ही बादली धर."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मॅट्रिकच म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं, उस्मानभाईंचं. आणीबाणी उठल्यावर ते आखातात गेले, कुठल्याशा कंपनीच्या मोटारी दुरुस्त करायला. ते गेल्यावर दुकानाला कुलूप लावायचं आणि भाभींनी रहिमतपूरला दिराकडे जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. ठरवलं पुरुषांनी. भाभींनी नवऱ्यादेखत कुलूप लावलं, त्यांची गाडी सुटेपर्यंत स्टँडवर थांबल्या, आणि परत येऊन कुलूप काढलं.

"लाव म्हणले, लावलं," त्या सांगायच्या. "काढू नको असं कुणी म्हणलं न्हाई."

काम त्यांना येत होतं. उस्मानभाईंच्या शेजारी बसून सगळं पाहिलेलं होतं, आणि आपल्याला येतं हे त्या लपवत नसत. "मिरजेपतूर माझ्याएवढं बॅटरीतलं कळणारं मानूस न्हाई," म्हणायच्या. मग जरा थांबून, खोटं नको म्हणून, "मिरजेत एक हाय. पन त्यो पितो."

बॅटरीतलं ॲसिड फार चिवट. त्याचा शिंतोडा उडालेला त्या वेळी कळत नाही. साडी धुतली की तिथे मसुरीच्या डाळीएवढं भोक पडलेलं असतं. भाभींच्या एकूण एक साड्यांना अशी भोकं होती, आणि प्रत्येक भोकावर त्यांनी क्रोशाचं एक छोटं फूल शिवलेलं होतं. जितकं काम जास्त तितकी साडी फुललेली. उजव्या गुडघ्यापाशी तर बागच होती. आमच्या सासूबाईंना ते फार आवडलं. कुठल्या पेठेत मिळते ही साडी, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, भाभी स्वतः करतात. सासूबाई म्हणाल्या, मग शीक की तूही. झालं. त्या दिवसापासून मी रोज दुपारी पिशवीत सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन दुकानात जायला लागले. घरी सगळ्यांना वाटायचं मी क्रोशा शिकते आहे. मलाही अधूनमधून तसं वाटायचं.

दुकानाच्या दाराशी एका फळीवर त्यांचा काटा ठोकलेला होता. म्हणजे अँपिअर मोजायचा जुना मीटर. मिलिटरीची एक जीप भंगारात निघाली होती, तिच्यातून उस्मानभाईंनी तो काढून आणला होता. त्यात शून्य मधोमध, घड्याळात बारा असतात तिथे. गाडी आली की बॅटरीच्या एका बाजूची केबल सोडवायची आणि मधे तो काटा जोडायचा. वीज बॅटरीत शिरत असेल तर काटा उजवीकडे झुकायचा, बॅटरीतून बाहेर पडत असेल तर डावीकडे. भाभी पहिल्याला 'येतंय' म्हणायच्या आणि दुसऱ्याला 'जातंय'. याच्यापलीकडे त्यांनी त्या शास्त्राला नावं ठेवली नव्हती.

ड्रायव्हर लोक यायचे आणि विचारायचे, "भाभी, बॅटरी किती हाय बगा की."

"किती हाय ते मागनं. येतंय का जातंय ते आधी बगू."

हीच नजर त्यांनी माणसांनाही लावली होती. कुणी दुकानात येऊन बसलं, की थोड्या वेळानं भाभींची मान काट्यासारखी हळूच एका बाजूला, त्यांच्या स्वतःच्या उजव्या किंवा डाव्या हाताला, कलायची. चहावाला कपबशा गोळा करताना गल्लीतली एखादी खबर सांगून जायचा, मान उजवीकडे. आमच्या सासूबाई बसायला यायच्या, जाताना भाभींच्या कुंडीतला गवती चहा, शिवाय एखादा वापरलेला डबा, 'तुला लागत नसेल तर' म्हणून घेऊन जायच्या, मान डावीकडे. सासूबाईंना वाटायचं भाभी मान डोलावून निरोप देतात. त्या उलट जास्त वेळा यायला लागल्या.

माझ्या बाबतीत मान सरळच राहायची. बरेच दिवस वाट पाहून मी एकदा विचारलं, "भाभी, माझं काय? येतंय की जातंय?"

"तुजं अजून कनेक्शनच लागलं न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती लागेल. उस्मानभाईंची मोटारसायकल दुकानाच्या आत भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती कुणी चालवत नव्हतं. पण दर शुक्रवारी भाभी तिची छोटी बॅटरी काढायच्या, चार्जिंगला लावायच्या आणि संध्याकाळी पुसून परत बसवायच्या. मी एकदा शहाणपणानं म्हटलं, गाडी उभीच आहे तर दर आठवड्याला कशाला? त्या म्हणाल्या, "उभी ऱ्हाऊनबी उतरती, बाई." मग दिव्याचं बटण दाबून बघितलं, दिवा लागला, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

आकडेवाला मीटर उस्मानभाईंनीच पाठवला. मिरजेचा एक माणूस सुटीवर आला होता, त्याच्याबरोबर, टॉवेलात गुंडाळून. पुस्तकाएवढा डबा, त्याला एक लाल आणि एक काळी वायर, आणि काचेत लाल पेटणारे आकडे. भाभींनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"ह्याचा काटा कुटं हाय?"

"काटा नसतो याला भाभी. सरळ आकडा येतो."

"म्हंजे झुकनार न्हाई."

"नाही."

"मग ह्याला कळलं हे आपल्याला कसं कळायचं?"

पण दोन दिवसांत त्यांनी त्याचं सगळं समजून घेतलं. लाल चिमटा बॅटरीच्या वजाच्या टर्मिनलला, काळा चिमटा सोडवलेल्या केबलला. असं लावलं की आकड्यापुढं आडवी रेघ आली तर जातंय, रेघ नसली तर येतंय. मोठं काही चालू करायचं नाही, स्टार्टर तर मुळीच मारायचा नाही, नाहीतर आतला फ्यूज उडतो. जुन्या काट्याला न दिसणारी बारीकशी वीजही या मीटरला दिसायची. हे त्यांना पटलं, पण आवडलं नाही. मीटर त्यांनी माझ्या ताब्यात दिला आणि स्वतः काट्यापाशी राहिल्या. मी त्या मीटरसाठी क्रोशाचं एक आवरण विणलं. आयुष्यात मी पूर्ण केलेली क्रोशाची ती एकच वस्तू. ती एका बाजूला लांब होती.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती. लाल म्हणजे अधिक, काळा म्हणजे वजा, हे कुणालाही माहीत असतं. आणि भाभी लाल चिमटा वजाला लावायला सांगत होत्या. मी काही बोलले नाही. म्हटलं, बिचाऱ्यांची शाळा कमी झालेली आहे, आपण समजून घ्यावं.

आता दिराचं. करीमभाईंचं रहिमतपूरला चपलांचं दुकान होतं. माणूस सरळ, पण काळजीचा. भाऊ परदेशात, भावजय हमरस्त्यावर ड्रायव्हर लोकांत बसलेली, रहिमतपुरात लोक विचारणार, आणि उत्तर यांना द्यावं लागणार. महिन्या-दोन महिन्यांनी ते यायचे, स्टुलावर टेकायचे आणि म्हणायचे, "भाभी, आता बास झालं. चला घरी."

भाभींची मान डावीकडे.

असंच एकदा ते आले असताना भाभी उसळून म्हणाल्या, "करीमभाई, एक गिऱ्हाईक. एक गिऱ्हाईक जरी माज्या बॅटरीमुळं वाटंत अडकलं, तर मी सोता ट्रंक बांधते. तवर इचारायचं न्हाई." करीमभाईंनी बरं म्हटलं. ते गेल्यावर भाभी बराच वेळ काट्याची काच पुसत होत्या. उस्मानभाईंच्या मागे हे दुकान एवढंच त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते त्यांनी शब्दावर लावून टाकलं होतं.

आणि मग तात्यांची लॉरी आली.

तात्या उंब्रजचे, दुधाचा धंदा. त्यांची लॉरी तिकडच्या गावांतून पहाटे कॅन भरायची आणि माधवनगरच्या मिलच्या चाळींना आणि सांगलीला दूध पोचवायची. तिचा ड्रायव्हर दत्तू. तक्रार अशी की बॅटरी भरून दिली की चार दिवस नीट चालते आणि मग पहाटे गाडी उठत नाही. दोनदा असं झालं. नशिबानं गाडी दोन्ही वेळा घरासमोर, रिकामी होती, धक्का मारून निघाली. भाभींनी गाडीतलं सगळं बंद करायला लावून काटा जोडून पाहिला. काटा शून्यावर. भाभी म्हणाल्या, गाडीत काही खोट दिसत नाही. तात्या म्हणाले, मग खोट तुमच्या चार्जिंगात आहे.

भाभींनी गाडीला आपली एक बॅटरी तात्पुरती दिली आणि तिची ठेवून घेऊन रात्रभर भरली. दुसऱ्या दिवशी त्यांना ॲसिड आणायला सांगलीला जायचं होतं. जाताना मला बजावून गेल्या, "लॉरी यील. बॅटरी बसव, समदं बंद कराय सांग, आन् त्यो आकडेवाला लाव. काट्याला न्हाई दिसलं ते ह्याला दिसंल. रेघ आली तर गाडी सोडायची न्हाई. मी येस्तवर थांबव."

लॉरी आली. दत्तूनं सगळं बंद केलं. मी मीटर लावला. एक पूर्णांक चार, आणि पुढे रेघ.

पुढचं मी सांगितलंच आहे. लाल चिमटा वजाला लावलेला मला पहिल्यापासून खुपत होताच. माझ्या मते रेघ त्या चुकीचीच होती. मी चूक दुरुस्त केली, रेघ गेली आणि गाडी सोडली.

भाभी परत आल्या. "रेघ?"

"नव्हती," मी म्हटलं. जे शेवटी दिसलं ते मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांची मान, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्यासाठी, उजवीकडे कलली. मी घरी जाऊन त्या खुशीत शिरा केला.

चार दिवसांनी लॉरी उंब्रजजवळ एका खोलगट जागी, कॅन चढवायला बंद केली ती, भरलेल्या कॅनसकट, उठली नाही. भरलेली गाडी चढावर धक्क्यानं हलेना. ओढायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत ऊन वर आलं. दिवस वैशाखाचे.

दुपारी तात्या लॉरी घेऊन दुकानासमोर उभे राहिले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"भाभी, समदं दूध नासलं. चाळीतली पोरं आज बिनदुधाची ऱ्हायली. आता मी काय करू सांगा. तुमचं दुकान सोडू का नगो?"

बातमी गाडीच्या आधी पोचते. संध्याकाळच्या आत करीमभाईही आले. भाभींनी दिलेला शब्द दोघांच्याही लक्षात होता. भाभी आत गेल्या, ट्रंक ओढत बाहेर आणली, कपडे भरले, वर ती फुलांची साडी घडी करून ठेवली. दोरी करीमभाईंनी बांधली. त्यांना गाठ पक्की मारायची सवय होती, चपलांच्या खोक्यांमुळे.

मी पिशवी पोटाशी धरून उभी होते. तोपर्यंत मला काहीही कळलेलं नव्हतं. मला खरोखर वाटत होतं की बॅटरीच खराब आहे.

भाभी ट्रंकेशेजारून उठल्या. "तात्या, लॉरी हितंच हाय न्हवं. एकदा बगू द्या. मग जाते."

"बगा की. आता काय ऱ्हायलंय."

तात्या दाराशी, करीमभाई स्टुलावर, दत्तू केबिनमध्ये. भाभींनी काटा जोडला आणि त्याच्याच जोडीला ओळीत आकडेवालाही जोडायला मला सांगितला. मी माझ्या पद्धतीनं, सरळ जोडला. सगळं बंद. काटा शून्यावर. आकडा एक पूर्णांक चार, रेघ नाही.

"दत्तू, हेडलाइट लाव."

दत्तूनं लावले. जुना काटा टुणकन डावीकडे गेला. आणि आकडेवाला मीटर नऊच्या आसपास जाऊन, बिनरेघेचा, थाटात पेटून राहिला.

भाभी काट्याकडे बघत राहिल्या. मग आकड्याकडे. मग लॉरीच्या पेटलेल्या दिव्यांकडे.

"दिवे लावल्यावर बॅटरी भरती व्हय?" त्यांनी कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं. मग वाकून चिमटे बघितले. "ह्या वायरी कुनी लावल्या?"

"मी. सरळ केल्या."

"मागल्या टायमालाबी?"

"हो."

"का गं?"

मला खरं उत्तर सोडून दुसरं काही सुचलं नाही. "रेघ बरी दिसत नव्हती."

 तात्या हळू आवाजात म्हणाले, "शिकल्याली हाय का ही?"

"मॅट्रिक हाय," भाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. माहिती दिली.

त्यांनी स्वतः चिमटे उलटे केले, म्हणजे सुलटे. हेडलाइट बंद करायला लावले. काटा शून्यावर आला. आकडा उतरत उतरत एक पूर्णांक चारवर आला आणि तिथेच थांबला. पुढे रेघ.

"जातंय," भाभी म्हणाल्या. "बारीक जातंय. माज्या काट्याला दिसलं न्हाई. त्यो म्हातारा झाला." हे म्हणताना त्यांनी काट्याकडे पाहिलं नाही. "दत्तू, समदं बंद हाय?"

"समदं."

"हॉर्न, वायपर, मागलं दिवं?"

"आवं बंद हाय भाभी. चावी माज्या हातात हाय."

"मागल्या टायमाला इचारलं तवाबी हेच म्हणलास."

"तवाबी बंदच हुतं."

भाभींनी पदर खोचला आणि लॉरीच्या पायरीवर पाय दिला. करीमभाई स्टुलावरून अर्धे उठले. बाईमाणूस भर रस्त्यात लॉरीच्या केबिनमध्ये चढलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. भाभी आत गेल्या आणि एकेक बटण चाचपून बघायला लागल्या.

मग त्यांचा शांत आवाज आला. "दत्तू, हे काय हाय?"

काचेच्या वर, लाल मखमलीच्या छोट्या पडद्यामागे, पालीच्या खंडोबाचा फोटो होता. फोटोभोवती सहा रंगीत दिव्यांची माळ. माळ पेटलेली होती. दिवसाउजेडी पडद्याआड बाहेरून काही दिसत नव्हतं. तिची वायर चावीला, बटणाला कशालाच न लागता, थेट बॅटरीला गेलेली होती.

"त्यो देव हाय," दत्तू म्हणाला.

"बंद हाय म्हणलास की."

"गाडी बंद हाय भाभी. देव कसा बंद करायचा?"

यावर तात्यांनी केबिनच्या दिशेनं हात जोडले. त्यांच्याही कपाळाला भंडारा होता. करीमभाई माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मॅट्रिकला याचं उत्तर माहीत असेल.

"कवा लावली?" भाभींनी विचारलं.

"मागं घाटात बिरेक लागला न्हवता, तवा. त्यानं गाडी थांबवली. तवापास्नं इझू दिली न्हाई."

म्हणजे लॉरी उंब्रजला दुपारपासून पहाटेपर्यंत उभी असायची आणि देव जागा असायचा. चार दिवसांत बॅटरी त्याच्यामागे संपायची. भाभी केबिनमधून उतरल्या. मला वाटलं आता त्या ती वायर तोडायला सांगतील. तात्यांनाही तसं वाटलं असावं, कारण ते चपला काढून उभे होते.

भाभी आत गेल्या आणि उस्मानभाईंच्या मोटारसायकलची बॅटरी घेऊन आल्या.

"भाभी," करीमभाई म्हणाले, "ती भाईची हाय."

"हाय."

"राखून ठेवल्याली."

"हाय की. भाई येस्तवर देवाला असू दे. भाईलाबी रस्त्यानंच यायचंय." मग दत्तूकडे वळून म्हणाल्या, "माळ ह्या बॅटरीला लावते. सहा दिवं नकोत. देवाला एक पुरे, बाकीचे तुला बगायला हुते. रोज हितनं जातोस, तवा ही बदलून भरल्याली न्यायची. मोठ्या बॅटरीला हात लावायचा न्हाई."

त्यांनी ते केलं. छोट्या बॅटरीवर दिवा मंद झाला, पण लागला. मग मला म्हणाल्या, "मॅट्रिक, आकडा बग."

मी पाहिला. शून्य शून्य शून्य. रेघ नव्हती, आणि या वेळी चिमट्यांना मी हात लावलेला नव्हता. हे मी तात्यांना मोठ्यानं सांगितलंही.

तात्यांनी चपला घातल्या. "भाभी, माजी चूक झाली आसं म्हणत न्हाई. पन त्या दुसऱ्या लॉरीचीबी बॅटरी उद्या पाठवून देतो," ते म्हणाले आणि गेले.

 करीमभाई स्टुलावरून उठले आणि स्वतः मारलेली गाठ सोडायला लागले. ती सुटेना. दातांनी सोडवली. दोरीची नीट गुंडाळी केली, ट्रंक आत नेऊन जागेवर सरकवली, आणि "येतो भाभी" एवढंच म्हणाले. भाभींची मान उजवीकडे कलली. करीमभाईंना त्या मानेचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटलं, केबिनमध्ये चढताना लचकली. पुढच्या आठवड्यात त्यांनी रहिमतपूरहून मानेला लावायचं तेल पाठवलं.

मी निरोपाची वाट बघत होते. माझ्या पिशवीतली सुई, दोरा, अर्धवट फूल, सगळं घेऊन उद्यापासून येऊ नको, असं त्या म्हणतील. त्यांनी उद्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. दुसऱ्या दिवशी गेले, तर मीटरच्या लाल चिमट्याला क्रोशाचं एक फूल बांधलेलं होतं आणि दुसरं एक, येईल त्या बॅटरीच्या वजाच्या टर्मिनलला अडकवायला. फूल फुलाला लावायचं. चुकायला जागाच ठेवली नव्हती. त्यातूनही मी एकदा चुकले, पण ते सांगायचं हे ठिकाण नाही.

त्यानंतर आम्ही जेमतेम वर्षभर माधवनगरला होतो. यांना साताऱ्याला नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड हलवायचं ठरलं. सासूबाई टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी. मांडीवर भाभींच्या गवती चहाची कुंडी. 'तुला लागत नसेल तर.' मी मागे, सामानात, गाद्यांवर बसलेली, तोंड दुकानाकडे. तोवर माझ्याही साडीला ॲसिडची भोकं पडली होती आणि त्यांच्यावर फुलं शिवलेली होती. ती मी शिवलेली नव्हती, हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

भाभी दारात, फळीवरच्या काट्याशेजारी उभ्या होत्या. कोपरापर्यंत हात ॲसिडचे, त्यामुळे हात हलवता येत नव्हता. आतल्या भिंतीशी मोटारसायकल दिसत होती, पुसलेली. टेम्पो सुरू झाला. माझ्याकडे बघत भाभींनी मान हळूच कलती केली. गाद्यांवरून मला ती माझ्या उजव्या हाताला कललेली दिसली. मला जरा रागच आला. इतक्या दिवसांचं सगळं सोडून मी निघालेय आणि यांना काहीतरी मिळाल्याचा आनंद.

"भाभी, येतंय म्हणता?" मी ओरडले. "मी तर चालले."

टेम्पो हलला होता. त्यांनी ॲसिडचे हात तसेच धरून, आवाज जराही न चढवता म्हटलं, आणि मला ते नीट ऐकू आलं:

"समोरनं बगतीस तू. तुज्या वायरी अजून उलट्याच हायत, मॅट्रिक. जातंय."